मुठीनं दिलेलं ज्येष्ठमध

केरू भामरेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. चाळीस वर्षांत गजर लावायची गरज पडली नव्हती. उठला की चूळ भरायची, मग अलीकडे काही महिने पातेल्यात दोन तांबे पाणी, आणि पाण्यात मूठभर ज्येष्ठमधाचे तुकडे. पाणी निम्मं आटलं की तो काढा गाळून थोरल्या बहिणीच्या, मालनबाईच्या उशाशी पेला ठेवी. मग अंघोळ, भाकरीचा डबा, आणि सहाच्या ठोक्याला घराबाहेर. पेठ नाक्यावरून निघून होळकर पूल ओलांडून भद्रकालीतल्या गोदामापर्यंत तो पायी जाई. रिक्षाला पैसे नव्हते असं नाही. पायांना काम दिलं नाही तर ते विसरतात, असं त्याचं मत होतं.

गोदाम काष्ठौषधींचं. हिरडा, वावडिंग, शतावरी, अश्वगंधा, नागरमोथा, छतापर्यंत गोण्या. एकविसाव्या वर्षी केरू तिथं हमाल म्हणून लागला. पंचेचाळिसाव्या वर्षी कंबरेनं जाब विचारला, तेव्हा शेठनं त्याला पाठीवरच्या कामातून काढून निवडीला बसवलं. निवडीत ज्येष्ठमध त्याच्याकडे आलं, आणि ते त्याचंच होऊन बसलं.

गोणी आली की तो तीन मुळं काढी. एक वरून, एक मधून, एक तळातून. तळातलं काढायचं तर गोणी ओतावी लागते, आणि ओतली की परत भरावी लागते. म्हणून बाकीचे वरचंच बघत. केरू ओतायचा. मूळ मोडलं की आत हळदीसारखं पिवळं दिसलं पाहिजे, मोडताना लांब तंतू सुटले पाहिजेत. आत काळपट असलं तर ओल लागलेली. शेवटी तुकडा दाढेखाली. आधी गोड, मग मागून किंचित कडवट. नुसतंच गोड लागलं तर त्याला संशय येई. कुणी गुंजेचं मूळ मिसळलं असलं तर तेही तो जिभेवर धरी. दिवसभर त्याच्या गालात एक तुकडा असेच.

मग तुकडे करायचे. चार बोटं लांब, कमी नाही, जास्त नाही. त्याच्या हाताखाली सुरगाण्याचा जयराम होता. पस्तिशीचा, कामाला वाघ, पण लांबीला सैल.

"चार बोटं म्हणजे चार बोटं," केरू म्हणे.

"दादा, माझी बोटं डोंगरातली हायेत. जाड हायेत."

"मग मापाची काडी घे."

"अंदाजानं येतंय की."

"अंदाज हा आळसाचा थोरला भाऊ. काडी घे."

जयराम काडी घेई, आणि पलीकडच्यांना ऐकू जाईल असं म्हणे, की दादांची बायको भाकरीसुद्धा काडीनं मोजून थापत असेल. गोदाम हसे. केरूही हसे, पण काडी खाली ठेवू देत नसे.

चार बोटांहून आखूड तुकडे विकायला जात नसत. ते घरी न्यायची शेठची मुभा होती. तिथूनच केरूचं गल्लीतलं नाव सुरू झालं. कुसाबाई भाजीची हातगाडी लावते, आरोळीवर तिचं पोट. एकदा आवाज बसला तो पंधरा दिवस उठेना. केरूनं तुकडे दिले, सांगितलं, गालात धर आणि रस गिळ. चौथ्या दिवशी तिची 'मेथी घ्या' तिसऱ्या गल्लीत ऐकू गेली. मग कुणाचं पित्त उसळलं तर दुधातून चूर्ण, कुणाचं तोंड आलं तर तुपात कालवून चाटण, कुणाची छाती भरली तर काढा. बरीच माणसं बरी होत. या मुळीत गुण आहे, खोटं नाही. घशाला ती लेप लावल्यासारखी बसते, जळजळ शमवते. पण लोक मुळीचं नाव घेत नसत, केरूचं घेत. 'केरूभाऊच्या हाताला गुण आहे' हे वाक्य त्याला पगारापेक्षा गोड लागे. शेठचा पगार महिन्यानं यायचा, हे रोज मिळायचं.

दोन वर्षांपूर्वी मालनबाई नामपूरहून त्याच्याकडे राहायला आली. मेहुणे गेले, मूलबाळ नव्हतं. तिला आणायला तो स्वतः गेला. ती यायला तयार नव्हती. भावाच्या दारात बहिणीनं दोन दिवस राहावं, तिसऱ्या दिवशी वाट धरावी, असं म्हणाली. केरूनं तिचं गाठोडं उचलून गाडीत टाकलं. त्याला अधिकार होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ती चौदाची. तिचं लग्न झालं तेव्हा ती त्याला हाताला धरूनच सासरी गेली. पोरीनं आंदणात हंडा आणायचा तर भाऊ आणला, असं सासरचे म्हणत. तिनं ते ऐकून घेतलं. तीस-पस्तीस वर्षं तिनं नामपूरच्या बाजारात कांदा निवडला. मोठा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. त्या मजुरीतून केरू सातवी शिकला. तो जे काटेकोर काम करी, ते त्यानं तिच्या हाताकडे बघून शिकलेलं होतं. कांद्याच्या ढिगासमोर ती बसली की हात चालायचे, डोळे चालायचे, तोंड चालायचं नाही.

गेल्या दिवाळीत तिचं डोकं धरलं. पेठ रोडवर डॉक्टर निकिता यांचा दहा खाटांचा दवाखाना आहे. त्यांनी तपासलं, रक्तदाब निघाला, रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. दोनेक महिन्यांनी मालनबाईला खोकला लागला. कोरडा, टोचणारा; कफ नाही, ताप नाही. बोलता बोलता ठसका, जेवता जेवता ठसका. गल्लीनं निदान केलं, की एवढी वर्षं कांद्याची फोलपटं छातीत गेली, ती आता बाहेर पडताहेत. केरूलाही ते पटलं. खोकल्याचं डॉक्टरला सांगायला हवं, असं त्याची बायको सविता म्हणाली. केरू म्हणाला, घरात विहीर असताना नळाला रांग कशाला लावायची?

त्यानं काढा सुरू केला. घसा ओला राहिला, ठसका जरा मऊ झाला. मालनबाई म्हणाली, बरं वाटतंय. कुसाबाईनं गल्लीभर सांगितलं, की भावानं बहिणीचा जुना रोग धरला. पण खोकला जाईना. मग दुपारी मधातून चूर्ण. तरी जाईना. मग झोपताना गालात धरायला दोन तुकडे. गोदामात तोळ्याचा फरक पकडणारा माणूस घरी मुठीनं देत होता. त्याला ते तेव्हा दिसलं नाही. प्रेमाला माप लावायचं नसतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं.

सूज पहिल्यांदा सवितानं पाहिली. मालनबाईची चप्पल पायात जाईना. दाबलं की पावलावर बोटाचा खळगा राही. मग डोकं पुन्हा धरलं. केरूनं अर्धा दिवस खाडा घातला, चाळीस वर्षांतला हा तिसरा की चौथा, आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर निकिता तिशीच्या. कमी बोलणाऱ्या, हाताला घाई नसलेल्या. त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला. गोळी नियमित घेऊनही वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे होता. त्यांनी पाय दाबून पाहिले आणि केरूकडे वळल्या.

"काका, आजींना घरचं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, मुळी?"

त्या क्षणी केरूला एक वैद्य आठवले. सात-आठ वर्षांपूर्वी दर महिन्याला गोदामात यायचे, माल स्वतः निवडून न्यायचे. एकदा केरूच्या गालातला तुकडा पाहून म्हणाले होते, "याचं औषध चिमटीत असतं, मुठीत नसतं. रक्तदाबवाल्याला देऊ नकोस, सूज असेल त्याला तर नाहीच. हे अंगात पाणी धरून ठेवतं." केरूच्या हातात तेव्हा चाळणी होती. तो 'होय' म्हणाला होता आणि चाळत राहिला होता. वैद्यांची ती गोष्ट त्यानं ऐकली होती, घेतली नव्हती. आणि आता ती अशी वर आली, की तिच्यावर धूळसुद्धा नव्हती.

पडद्यापलीकडे बाकावर कुसाबाई बसली होती, गुडघा दाखवायला आलेली. शेजारणीला सांगत होती, की मी तर केरूभाऊची मुळी पिशवीतच ठेवते. तिचा आवाज कसा, ते सांगून झालंच आहे.

"नाही," केरू म्हणाला.

डॉक्टरांनी मालनबाईकडे पाहिलं. मालनबाईनं केरूकडे पाहिलं. मग पदर सारखा करून ती म्हणाली, "नाय वं बाई. घरची भाकर खाते, तेवढंच."

डॉक्टरांनी आहे ती गोळी दुप्पट केली आणि अंगातलं पाणी उतरवायची एक गोळी वाढवली. त्यांना जे सांगितलं गेलं होतं, त्यावर ते बरोबरच होतं.

दोघं घरी आले. केरूनं ज्येष्ठमधाचा डबा माळ्यावर ढकलला, पुढं जुनं घमेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून त्यानं पातेलं चुलीवर ठेवलं नाही. मालनबाईनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "संपलंय."

"गोदामभर हाये ना रे तुझ्याकडं?"

"संपलंय म्हणलं ना, बाई."

ती 'बरं' म्हणाली. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून 'बाई' म्हणे. तिच्याशी इतकं तुटक तो कधी बोलला नव्हता. तुटक बोलला, कारण खरं बोलायला एकच वाक्य लागलं असतं आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. 'बाई, ही मुळी तुला चालत नाही, माझं चुकलं.' एवढंच. पन्नास किलोची गोणी त्यानं हजारदा उचलली. हे उचललं नाही. आपण द्यायचं थांबवलं, म्हणजे झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं. काम निम्मं करून हात झटकणाऱ्याला तो गोदामात काय काय बोले, ते जयरामला विचारावं.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मालनबाई नळाशी बादली उचलायला वाकली, आणि पाय तिच्याखालून निघून गेले. कुणी धक्का दिला नाही, घसरली नाही. मांड्यांत ताकदच उरली नव्हती. सवितानं गोदामात फोन केला. जयरामनं मोटरसायकल काढली, केरू मागं बसला. पुलावर गर्दी होती. चाळीस वर्षं तो पूल पायी ओलांडणाऱ्या केरूला त्या दिवशी तो संपेना.

मालनबाई खाटेवर होती. हाताला सलाईन, छातीला तारा. डोळे मिटलेले, श्वास चालू. डॉक्टर निकितांनी हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी हातात धरली होती. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं आहे, त्यामुळे स्नायू आणि हृदय दोन्ही अडखळताहेत, असं त्यांनी सांगितलं. पाणी उतरवायच्या गोळीनं थोडं खाली जातं, पण एवढं नाही. दुसरं काहीतरी असलं पाहिजे. ते कळलं तर उपाय नेमका होईल.

"काही खातात का त्या? आठवून सांगा," त्यांनी सविताला विचारलं.

सवितानं केरूकडे न बघता सांगितलं, "ह्यांना विचारा."

केरू म्हणाला, "बघून सांगतो." आणि बाहेर आला. काय बघणार होता, त्याचं त्यालाच ठाऊक. आपण तर नऊ दिवसांपूर्वी बंद केलं आहे, मग ते कसं असेल, हा एक धागा त्यानं धरून ठेवला होता.

व्हरांड्यात जयराम उभा होता. सवितानं मागून येऊन मालनबाईची चंची केरूच्या हातात दिली. आधार कार्ड त्यात आहे, खिडकीवर मागताहेत म्हणाली. नामपूरच्या बाजारापासून मालनबाई ती कापडी चंची कमरेला लावायची. केरूनं नाडी सोडली. कार्डाबरोबर हातात ज्येष्ठमधाचे तुकडे आले. वीस-बावीस असतील. बरेचसे चावून चावून टोकाला कुंच्यासारखे झालेले, तरी टाकलेले नव्हते. वाळवून परत चघळायला ठेवलेले. भावाकडचं संपलं म्हणून ती काटकसर करत होती.

केरू बाकावर बसला. जयरामला त्यानं सगळं सांगितलं. वैद्य, कुसाबाई, 'नाही', माळ्यावरचा डबा. सांगताना तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

जयराम एरवी थट्टा केल्याशिवाय श्वास घेत नसे. आता तो केरूशेजारी बाकावर बसला. मग म्हणाला, "आमची आजी पाला द्यायची, सुरगाण्याला. ताप, खोकला, काय बी. पण दिला का तिथंच बसून राहायची. उतार पडंपर्यंत. माणूस बरा झाला तर उठायची, बिघडला तरी तिच्या डोळ्यांदेखत. देऊन घरी निघून जायची नाय."

"मी गेलो," केरू म्हणाला.

"व्हय."

जयरामनं ते 'व्हय' मऊ केलं नाही. केरूला पुढं नेहमी वाटत राहिलं, की त्या दिवशी त्याच्यावर उपकार कुणी केले असतील तर त्या एका शब्दानं.

तो आत गेला. चंचीतले तुकडे त्यानं डॉक्टरांच्या टेबलावर ओतले.

"हे. पाच-सहा महिने. मी देत होतो. त्या दिवशी खोटं बोललो."

त्यांनी एक तुकडा उचलून मोडला. आतलं पिवळं पाहिलं, वास घेतला. ओळखलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर केरूला सोपं गेलं असतं.

"रोज किती?" त्यांनी विचारलं.

केरूनं तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की आपल्याला माहीत नाही. गोणीच्या तळातल्या मुळाची चव सांगणारा माणूस, बहिणीच्या पोटात रोज किती जातं ते सांगू शकत नव्हता.

"अंदाजानं," तो म्हणाला.

जयराम दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. तो हसला असता, किंवा निदान डोळे मोठे केले असते, तरी चाललं असतं. त्यानं दादाचं ते बोलणं ऐकूच न आल्यासारखं केलं. इतकी वर्षं मापाची काडी दुसऱ्यांच्या हातात देत आलेल्या माणसाला यापेक्षा खाली जायला जागा नव्हती.

"थांबा," तो म्हणाला.

तो जयरामच्या मागं बसून घरी गेला. माळ्यावरून डबा काढला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डिजिटल काटा होता. दुकानदाराला त्यानं काटा मागितला. काट्यावर कागद टाकून तो शून्यावर आणला. मग डोळे मिटून डब्यात हात घातला, पहाटे घालायचा तसाच, आणि मूठ कागदावर सोडली. आकडा लिहिला. परत केलं. तीनदा केलं, कारण एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं. मग दुपारच्या चमच्याचं, मग झोपतानाच्या दोन तुकड्यांचं. दुकानदार म्हणाला, काय केरूभाऊ, नवीन ऑर्डर का? केरू नाही म्हणाला. हे 'नाही' खरं होतं.

तो परत दवाखान्यात आला आणि चिठ्ठी ठेवली. काढ्याचे तीस ग्रॅम, चूर्णाचे पाच, तुकड्यांचे तीन. दिवसाला अडतीस.

डॉक्टर निकितांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ज्येष्ठमध वाईट नाही, त्या म्हणाल्या. पण निरोगी माणसालाही थोडं आणि थोडे दिवसच द्यायचं असतं. हे मीठ-पाणी शरीरात अडवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. रक्तदाबाच्या माणसाला तेवढंही नको. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला आठवडे जातात. आणि यांचं बंद झालंच नव्हतं. नंतर त्यांनी खोकल्याची चौकशी केली. कधी सुरू झाला, कसा, कफ होता का. केरूनं सगळं सांगितलं, कांद्याच्या फोलपटांसकट.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, तो खोकला बहुतेक माझ्याच गोळीचा आहे. काही जणांना ती गोळी सोसत नाही, कोरडा खोकला लागतो. तेव्हाच सांगितलं असतं तर गोळी बदलली असती. खोकला आपोआप गेला असता."

केरूनं मनात ते ओळीनं मांडलं, जसे तुकडे मांडतात तसे. गोळीनं खोकला आला. खोकल्याला मुळी दिली. मुळीनं रक्तदाब चढला. रक्तदाबाला गोळी वाढवली. गोळीनं खोकला वाढला. एका जागी जरी कुणी खरं बोललं असतं, तरी गाडा तिथं थांबला असता. आणि बोलायचं काम त्याचं होतं.

चार दिवस मालनबाई दवाखान्यात होती. केरू खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. सवितानं घरी जाऊन पाठ टेकायला सांगितलं, शेठचा फोन आला, तरी उठला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालनबाईनं आपणहून पाय उचलून दाखवला आणि पेलाभर नारळपाणी मागितलं. डॉक्टरांनी ते द्यायला सांगितलं होतं. जवळपास कुणी नव्हतं. केरूनं पेला तिच्या हातात दिला आणि ते एक वाक्य बोलला. बारा दिवस उशिरा.

मालनबाईनं पाणी संपवलं. घरातलं बोलताना ती नाशिकची भाषा बोले. आतून बोलताना तिच्या तोंडात नामपूर येई.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू खोटं बोलना ते. का बोलना ते नही माहीत. पन तू मना भाऊ शेस. चार लोकस्मा तुले खोटं कसं पाडू?"

तिनं त्याचं नाव राखायला स्वतःचा जीव टांगला होता, आणि त्यानं तिचा जीव टांगून स्वतःचं नाव राखलं होतं. दोन्ही एकाच 'नाही'त होतं. खाटेच्या लोखंडी दांड्यावर रंगाचा पापुद्रा सुटला होता, तो त्यानं नखानं काढला. मग तिनंच विषय बदलला. म्हणाली, चंचीतले तुकडे कुठं आहेत? फेकले नाहीस ना, चांगला माल होता. केरू हसला नाही. त्याला हसवायला ती बोलली होती, हे कळल्यामुळे तर नाहीच.

घरी आल्यावर त्यानं गल्लीत ज्या सात घरांना मुळी दिली होती, ती सात घरं धरली. एकही घर टाळलं नाही, मागच्या दारानं गेला नाही. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, की मी माप न सांगता देत होतो, रक्तदाब असेल तर घेऊ नका, सूज असेल तर घेऊ नका, पोटुशी बाई असेल तर देऊ नका, आणि बाकीच्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. माझी बहीण माझ्यामुळे पडली, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, असं सविताचं मत होतं. केरूचं मत वेगळं होतं. कारण सांगितलं नाही म्हणून तर चंचीत तुकडे राहिले.

कुसाबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकलं. मग अख्ख्या गल्लीला पुरेल अशा आवाजात म्हणाली, "मंग दोन वर्सं आम्ही काय खाल्लं रे भाऊ? तुझी मोठेपणाची हौस?"

केरू म्हणाला, "तेच."

ती गाडीकडे वळली. पुढं दोन आठवडे तिनं त्याला कोथिंबिरीची काडी उधार दिली नाही. तिचा आवाज मात्र शाबूत होता.

दसऱ्याला केरूचं काम संपायचं होतं. शेठनं आधीच सांगून ठेवलं होतं, आता बास, कंबर सांभाळा. शेवटच्या पगाराचं काय करायचं, ते केरूनं वर्षभर आधी ठरवलेलं. गल्लीला पुरणपोळीचं जेवण. मधोमध आपण उभं राहायचं, वाढायचं, आणि लोकांनी म्हणायचं ते ऐकायचं. आचारीसुद्धा बोलून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी त्यानं नेहमीसारख्या तीन गोण्या ओतल्या, परत भरल्या. चव मात्र घेतली नाही. मोडून, बघून, वास घेऊन सांगितलं. मापाची काडी जयरामच्या हातात दिली. जयराम म्हणाला, आता माझी बोटं कुणाला खुपतील? केरू म्हणाला, तुलाच खुपली पाहिजेत.

पगाराचं पाकीट खिशात घालून तो भद्रकालीतून निघाला. आचाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. पुलाअलीकडच्या औषधाच्या दुकानात गेला आणि रक्तदाब मोजायचं यंत्र मागितलं. डॉक्टर निकितांनी लिहून दिलेला कागद दाखवला. कसलं घ्यायचं, पट्टा केवढा हवा. दुकानदारानं ते काढून दाखवलं. केरूनं ते तिथंच तीनदा चालवून घेतलं.

घरी आल्यावर त्यानं मालनबाईला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. हात छातीच्या उंचीला, खाली उशी. बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं. तो पट्टा उलगडून तिच्याकडे वळला, तर तिनं हात पदराखाली घेतला.

"आधी तुना हात," ती म्हणाली.

"माझं काय?"

"इतला वरीस गालमा काय व्हतं तुन्या?"

केरू दुसऱ्या खुर्चीत बसला. पाठ टेकली. पाच मिनिटं सवितानं घड्याळावर मोजली. पट्टा दंडाभोवती फुगला, आवळला, हळूहळू सुटला. मालनबाईला अक्षरं येत नाहीत. आकडे मात्र कांद्याच्या काट्यावर तीस-पस्तीस वर्षं वाचलेले. ती पुढं वाकली आणि एकेक करून मोठ्यानं वाचलं. एक. सहा. चार. खालचे दोन, नऊ आणि आठ.

एवढा आकडा म्हणजे वाढलेला, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. केरूनं पट्टा सोडवला, आणि यावेळी तिनं आपला हात पुढं केला.

केरू भामरेच्या शेवटच्या पगारातून पुरण शिजलं नाही. हे एक यंत्र आलं, त्याचे चार सेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसांना दवाखान्यात घेऊन गेलेली रिक्षा.